नवख्यांना कुंभारकाम शिकवायचंय? पहिल्या आठ रविवारांची तयारी

स्वतःला चाकावर वाटी काढता येते म्हणजे दुसऱ्याला शिकवता येईल, असं मी धरून चालले होते. पुण्यात एका वाचनालयाच्या तळमजल्यावरची खोली मिळाली, दोन चाकं आणली, बारा जणांची नावं घेतली आणि ऐन जुलैत वर्ग सुरू केला. शेवटी भट्टी उघडली तेव्हा निम्म्याहून जास्त भांड्यांची खापरं झाली होती. एका आजींनी नातीसाठी हत्ती केला होता, त्याची फक्त सोंड सापडली. ती सोंड त्यांच्या हातावर ठेवताना जी लाज वाटली ती तुमच्या वाट्याला येऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

वस्तीतल्या, सोसायटीतल्या किंवा एखाद्या संस्थेच्या खोलीत आठ-दहा जणांचा वर्ग घेणाऱ्यांसाठी हा आराखडा आहे. आठ रविवार, दर वेळी दोन तास.

१. भाजणार कुठे, ते सगळ्यात आधी ठरवा

बहुतेक जण आधी चाक विकत घेतात. चाक नसलं तरी वर्ग चालतो, भट्टी नसली तर चालत नाही. आणि माती, ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा थर), भट्टीचं तापमान ही तिन्ही एकमेकांशी जुळावी लागतात, त्यामुळे माती कुठली घ्यायची हेसुद्धा भट्टीच ठरवते. लाल टेराकोटाची माती साधारण ९०० ते १००० अंश सेल्सिअसला भाजतात. तीच चुकून स्टोनवेअरच्या (जास्त तापमानाला भाजून दगडासारख्या घट्ट होणाऱ्या मातीच्या) १२०० च्या वरच्या भट्टीत गेली तर फुगते, बसते, वितळते आणि भट्टीतली खालची फळीही खराब करते. दुसऱ्याच्या भट्टीत भाजून घेणार असाल तर आपली माती कोणती, हे त्यांना आधी सांगा.

स्वतःची विजेची भट्टी घ्यायची तर जागेचा मंजूर वीजभार किती आहे ते बघा. मोठ्या भट्टीला थ्री-फेज जोडणी लागते. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून स्वतंत्र वायर आणि एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप वीज तोडणारं बटण) बसवून घ्या. घरातल्या बोर्डावर कधीही लावू नका.

पहिल्या वर्षी मात्र दुसऱ्या स्टुडिओत पैसे देऊन भाजून घ्या, असंच मी सांगेन. कच्ची भांडी नेणं जिकिरीचं असतं. वाळलेलं कच्चं भांडं बिस्किटासारखं असतं, काठाला धरून उचललं की काठ हातात येतो. दोन्ही हातांनी तळाखालून उचला. खोक्यात फोमचे तुकडे घालून भांडी अशी बसवा की एकमेकांवर आदळणार नाहीत. रिक्षाने नेत असाल तर खोकं मांडीवर घ्या.

जवळ कुंभारवाडा असेल तर आधी तिथे जाऊन या. त्यांच्या आव्यात, म्हणजे भांडी आणि जळण रचून केलेल्या भट्टीत, पणत्या, कुंड्या, साधी लाल भांडी छान भाजली जातात. तापमान सगळीकडे सारखं नसतं, त्यामुळे ग्लेझचं काम तिथे होत नाही. गेलात तर शिकायला जा, वेळ मागून घ्या आणि त्या वेळेचे पैसे द्या. पिढ्यानपिढ्यांचं ज्ञान फुकटात मागू नये. शिकवण्यापूर्वी स्वतः आणखी शिकायचं असेल तर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची प्रशिक्षण संस्था आहे, तिथे चौकशी करा.

२. माती आणि सामान

नवख्यांसाठी तयार माती घ्या. ओढ्याकाठची माती आणून गाळायची हौस नंतर भागवा. आपल्याकडच्या मातीत चुनखडीचे खडे असतात. भाजताना त्यांचा कळीचा चुना होतो, आणि भांडं घरी नेल्यावर हवेतला दमटपणा शोषून तो फुगतो. भाजून आठवडा झाल्यावर भांड्यावरून टिकली एवढा पापुद्रा उडतो आणि आत पांढरा ठिपका दिसतो, तो हाच.

आठ रविवारांसाठी माणशी ६ ते ८ किलो माती पुरते, कारण निम्मी माती परत मळून वापरात येते. बाकी सामान बरंचसं घरातलंच:

- माती कापायची तार (गिटारची जुनी तार, दोन्ही टोकांना मोठी बटणं बांधून)
- जुनी एटीएम कार्डं, काठ आणि पृष्ठभाग सारखा करायला
- मांजरपाटाचे तुकडे, माणशी एक
- लाटणी, आणि ८ मिलीमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्यांच्या जोड्या
- स्पंज, जुने टूथब्रश, काटे, दाभण
- सायकलचा स्पोक, टोक घासून
- जुना सोऱ्या (एकसारख्या वळ्या पटकन निघतात, पण मातीला लागलेलं स्वयंपाकाचं कुठलंही भांडं परत ओट्यावर जाऊ द्यायचं नाही)
- झाकणाच्या तीन मोठ्या बादल्या, जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या, पातळ फळ्या

एक सापळा इथेच सांगते. गणपतीच्या आधी याच खोलीत शाडूच्या मूर्तींची कार्यशाळा होते, कुणी प्लास्टरचे साचे आणतं. शाडू आणि प्लास्टर यांचा कणही भाजायच्या मातीत जाता कामा नये. प्लास्टरचा तुकडा मातीत राहिला की चुनखडीसारखाच भाजल्यानंतर भांडं फोडतो. त्या दिवसांसाठी वेगळी टेबलं, वेगळी कापडं, वेगळ्या बादल्या ठेवा.

३. खोली: मोरी आणि धूळ

मातीचे हात मोरीत धुवायचे नाहीत, हा पहिला नियम. माती पाण्याबरोबर वाहून जात नाही, पाइपच्या वळणात बसते आणि दगड होते. आमच्या पहिल्या महिन्यात मोरी पार तुंबली होती. त्यावर उपाय तीन बादल्यांचा. पहिल्या बादलीत हात आणि हत्यारं खळबळायची, दुसरीत पुन्हा, तिसरीत स्वच्छ. रात्रीत माती तळाला बसते. वरचं निवळ पाणी झाडांना घालायचं आणि खालचा चिखल पुन्हा मातीच्या ढिगात जातो.

दुसरा नियम झाडूबद्दल. वाळलेल्या मातीच्या धुळीत सिलिका असते, आणि ती वर्षानुवर्षं फुप्फुसात गेली तर सिलिकोसिस होतो. शिकणारे आठ रविवार येतात, तुम्ही दहा वर्षं तिथे असणार आहात. म्हणून कोरडं झाडायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. कोरडी माती चाळताना किंवा ग्लेझची पावडर कालवताना साधा कापडी मास्क पुरत नाही, बारीक धूळ अडवणारा एन-९५ लावा.

४. नावनोंदणीच्या वेळी घ्यायचे कागद

- नाव, संपर्क, अडचणीच्या वेळी कुणाला फोन करायचा
- दमा, त्वचेची ॲलर्जी, मनगट किंवा पाठदुखी (असेल तर चाकावर किती वेळ बसवायचं ते ठरवता येतं)
- १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची लेखी संमती, फोटोसाठी वेगळी
- ‘भाजताना भांडं तडकू किंवा फुटू शकतं’ आणि ‘तयार भांडी इतक्या दिवसांत न्यावीत’ या दोन ओळींखाली सही
- जागा देणाऱ्या संस्थेकडून वेळ, वीज, पाणी आणि सामान ठेवण्याबद्दलचं पत्र

तोंडी ठरलेलं सहा महिन्यांनी कुणाला आठवत नाही, म्हणून पत्र. आणि नखं कापून, अंगठ्या-बांगड्या घरी ठेवून या, असा निरोप आदल्या दिवशी पाठवा.

५. पहिला रविवार: चाकांवर चादर टाका

सगळे चाकासाठीच आलेले असतात. तरीही पहिल्या दिवशी चाक झाकून ठेवा. माती किती ओली असते, किती दाबली की तडकते, कधी थकते, हे बोटांना कळायच्या आधी चाकावर बसवलं तर माणूस तासभर चिखलाशी झगडतो आणि ‘आपल्याला जमणार नाही’ म्हणून घरी जातो.

सुरुवात मळण्यापासून. इथे आपल्याकडच्या लोकांची एक गंमत होते, त्यांना कणीक उत्तम मळता येते. कणीक आपण दुमडून दुमडून मळतो. माती तशी दुमडली की घडीत हवा अडकते. त्यामुळे गोळा तळहाताच्या टाचेने पुढे-खाली ढकलायचा, थोडा मागे उचलायचा, पुन्हा ढकलायचा. दोन्ही कडांना मेंढ्याच्या शिंगांसारखे वळसे दिसू लागले की जमलं. मग तारेने मधोमध कापून दोन्ही भाग सगळ्यांना दाखवा. आत भोकं दिसली तर अजून मळा.

नंतर प्रत्येकाला सुमारे ३०० ग्रॅमचा, दोन मुठींत मावेल असा गोळा द्या. डाव्या हातावर गोळा, उजव्या हाताचा अंगठा मधोमध, खालच्या तळहाताला दाब जाणवेपर्यंत आत. मग अंगठा आणि बोटांच्या चिमटीत भिंत दाबत, प्रत्येक चिमटीनंतर गोळा थोडा फिरवत तळापासून वर यायचं. भाकरी थापणाऱ्यांचे हात इथे लगेच ओळखू येतात, त्यांचा दाब सगळीकडे सारखा पडतो. काठाला भेगा पडायला लागल्या की सगळे पाण्याकडे धावतात. पाणी लांब ठेवा. बोट नुसतं ओलं करून काठावरून फिरवलं की पुरतं. जास्त पाण्याने भिंत लिबलिबीत होते आणि वाटीची बशी होते.

अशा दोन वाट्या करून घ्या आणि त्यातली एक तारेने उभी कापायला लावा. जीवावर येतं लोकांच्या. पण तळ अंगठ्याएवढा जाड राहिलाय आणि काठ कागदासारखा झालाय, हे त्या छेदात जसं दिसतं तसं मी तासभर बोलूनही सांगू शकत नाही.

६. तुमचे हात मागे

हे मला सगळ्यात उशिरा कळलं. पहिल्या बॅचमध्ये बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते. त्यांची वाटी एका बाजूला कलली होती. मी “बघू काका” म्हणत ती हातात घेतली आणि दोन मिनिटांत सरळ करून दिली. वाटपाच्या दिवशी ती वाटी न फुटता आली. काकांनी ती उचलून पाहिली आणि टेबलावर परत ठेवली. म्हणाले, “ही तुमची, ताई. माझी वाकडी होती.”

त्या दिवसापासून शिकणाऱ्याच्या भांड्याला मी हात लावत नाही. शेजारी आपला गोळा घेऊन बसते, चूक त्यात करून दाखवते, दुरुस्तीही त्यातच. चाकावर कधी दाब कळावा म्हणून त्यांच्या हातावर हात ठेवावा लागतो, तेव्हा आधी विचारते. भांडं वाचवण्याचा मोह दर रविवारी होतो. पडणारं भांडं पडू द्या. का पडलं ते त्याच वेळी विचारा, उत्तर बहुतेक वेळा त्यांनाच माहीत असतं.

७. दुसरा ते चौथा रविवार: वळ्या, पोळी, जोड

दुसऱ्या रविवारी वळ्यांचं भांडं. वळी टेबलावर वळताना बोटं पसरलेली ठेवायची आणि तळहात लांबवर न्यायचा, नाहीतर ती चपटी होते. तिसऱ्या रविवारी मांजरपाटावर दोन पट्ट्यांच्या मध्ये माती लाटून पोळी. मधूनमधून कापड धरून ती उलटी करायची, नाहीतर एकाच बाजूला ताण राहून वाळताना ताटली वाकते.

चौथा रविवार फक्त जोडण्यासाठी ठेवा, कारण कान, तोटी, पाय हे सगळं इथेच निखळतं. दोन्ही तुकडे सारखेच ओले हवेत; घट्ट झालेल्या कपाला ताजा मऊ कान लावला तर वाळताना तो जास्त आकसतो आणि सुटतो. दोन्हीकडे काट्याने रेघोट्या मारायच्या, मातीचा दह्यासारखा घोळ लावायचा आणि थोडं हलवत, दाबत बसवायचं. नुसता घोळ फेविकॉलसारखा लावून भागत नाही.

हत्तीचं काय चुकलं, तेही इथेच सांगते. तो भरीव होता. जाड माती आतून वाळायला आठवडे लागतात. आत ओल राहिली आणि भट्टीने १०० अंश ओलांडले की पाण्याची वाफ होते, वाट मिळाली नाही की ती भांडं फोडून बाहेर पडते. ‘हवेचा बुडबुडा राहिला म्हणून फुटलं’ असं सगळे म्हणतात, मीही म्हणायचे. पण पूर्ण वाळलेल्या मातीतली नुसती हवा सहसा काही करत नाही, घात पाण्याने होतो. म्हणून नियम असा: दीड सेंटीमीटरपेक्षा जाड काही नको. प्राणी, डोकी, मूर्ती थोड्या घट्ट झाल्यावर कापून आतून पोकळ करायच्या, जोडायच्या आणि खालून पेन्सिलीएवढं भोक ठेवायचं.

८. पाचवा ते सातवा रविवार: चाक

दोन चाकं आणि दहा माणसं असतील तर प्रत्येकाला २० मिनिटांच्या पाळ्या लावा, बाकीच्यांचं हातकाम चालू ठेवा. पाळीचा कागद भिंतीवर लावा, नाहीतर लाजरी माणसं शेवटपर्यंत उठत नाहीत.

गोळा ५०० ते ६०० ग्रॅमचा. कोपर मांडीवर किंवा पोटाशी टेकलेलं हवं, हवेत राहिलेला हात मातीबरोबर हलतो. चाक वेगात ठेवून माती मधोमध आणायची, आणि भिंत वर ओढताना वेग निम्म्याहून कमी करायचा. नवखे नेमकं उलटं करतात. गोळा मधोमध आला का, हे डोळे मिटून विचारा. बोट टेकवलं आणि हाताला धक्का लागला नाही, म्हणजे आला. पुष्कळांना डोळे मिटल्यावरच ते पहिल्यांदा कळतं.

पहिल्या चाकाच्या दिवशी एकही भांडं ठेवायचं नाही, असं आधीच जाहीर करा. मधोमध आणा, उघडा, एकदा भिंत ओढा, तारेने कापा, पुन्हा मळा. ठेवायचं नाही म्हटलं की खांदे सैल पडतात. सहाव्या-सातव्या रविवारी एकेक भांडं ठेवू द्या. तेव्हा दोन गोष्टी सोडू नका: आत साठलेलं पाणी स्पंजने टिपणं, आणि तळ बोटाने मधून बाहेर आणि बाहेरून मधे दाबून घट्ट करणं. हे राहिलं की वाळताना तळाला इंग्रजी ‘एस’च्या आकाराची भेग पडते.

भांडं आकसतं, हेही आधीच सांगून ठेवा. स्टोनवेअरची माती ओल्यापासून शेवटच्या भाजणीपर्यंत साधारण १२ टक्के आकसते. घरच्या चहाच्या कपाच्या मापाने केलेला कप भट्टीतून काढ्याचा होऊन येतो.

९. वाळवणं

माझी पहिली बॅच इथे गेली. वर्ग संपला की सगळे घरी जातात, आणि भांड्यांची काळजी तिथून पुढे तुम्हाला एकटीला करायची असते.

पावसाळ्यात वरून कोरडी दिसणारी भांडी आतून ओली असतात. जुलै-ऑगस्टमध्ये मी तीन आठवडे धरते, कधी जास्त. उन्हाळ्यात उलट: एप्रिल-मेच्या झळांनी काठ दुपारपर्यंत वाळतो, तळ ओलाच राहतो आणि मधे भेग जाते. तेव्हा प्लॅस्टिकने झाका, दोन दिवसांनी सैल करा, मग भांडी उलटी ठेवा. कपाच्या कानावर वेगळा प्लॅस्टिकचा तुकडा गुंडाळा, कारण तो आधी वाळतो. पंख्याखाली कधीही ठेवू नका.

वाळलं की नाही ते गालाला लावून बघा. थंड लागलं तर आत अजून पाणी आहे. शंका असेल तर स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर दोन दिवस सलग वजन करा. वजन उतरायचं थांबलं म्हणजे वाळलं.

शक्य असेल तर पहिली बॅच नोव्हेंबरमध्ये सुरू करा.

१०. दोन भाजण्या

पहिल्या भाजणीत कच्चं भांडं पक्कं होतं, दुसरीत त्यावर लावलेलं ग्लेझ वितळतं. पहिल्या भाजणीत सुरुवातीचा वेग फार कमी ठेवा. मी झाकण किंचित उघडं ठेवून ८०-९० अंशांवर रात्रभर सोडते, मग हळूहळू वर नेते. ५७३ अंशांच्या आसपास मातीतल्या क्वार्ट्झची रचना बदलते आणि ते अचानक फुगतं, थंड होताना तिथेच आकसतं. त्यामुळे चढताना आणि उतरताना त्या टप्प्यावर घाई नको. भट्टी १०० अंशांच्या खाली आल्याशिवाय झाकण उघडू नका, कितीही फोन आले तरी.

तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची कच्ची-पक्की डोकी ओळखली, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. भट्टीतून आलेल्या प्रत्येक भांड्यावर नखाने टिचकी मारा. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द आवाज आला तर कुठेतरी न दिसणारी चीर आहे. त्याला ग्लेझ लावू नका.

ग्लेझचं काम आठव्या रविवारी, तोवर एकदा भाजून झालेल्या भांड्यांवर. दोन-तीनच रंग ठेवा, सगळे शिसं नसलेले आणि खाण्याच्या भांड्यांना चालणारे. भांडं बुडवण्याआधी ओल्या स्पंजने धूळ पुसून घ्या. तळ आणि त्यालगतची ५ मिलीमीटर पट्टी पूर्ण कोरी ठेवा, नाहीतर ग्लेझ वितळून भांडं फळीला कायमचं चिकटतं. भट्टी दुसऱ्याची असेल तर त्या फळीचे पैसे तुमचेच. हे काम मात्र शिकणाऱ्यांवर सोडू नका. भट्टीत जाण्याआधी प्रत्येक तळ स्वतः उलटून पाहा.

११. वाटपाचा दिवस

प्रत्येक भांड्याखाली ओल्या मातीतच नाव आणि तारीख कोरून घ्या, पेनाची शाई भाजताना जळून जाते. वाटपाला टेबलावर चांगल्या भांड्यांच्या शेजारी फुटलेलीही मांडा, लपवू नका. खापराची कड हातात घेऊन कुठे जाड होतं, कुठे जोड सुटला, ते त्या माणसासोबत पाहा.

त्या आजी पुढच्या बॅचला पुन्हा आल्या. पहिल्याच दिवशी पिशवीतून ती सोंड काढून त्यांनी टेबलावर ठेवली आणि विचारलं, “भोक कुठं पाडायचं, तेवढं आधी सांग.”